डावीकडची जागा

बुलडाणा,
कार्तिकातला रविवार

प्रिय झेबा,

तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीतल्या माणसाने पुन्हा पुन्हा विचारलं, साधंच पाहिजे ना, रजिस्टर नको ना? हल्ली साध्या पाकिटातून कोणी काही पाठवत नसावं. तुझा भुसावळचा पत्ता आसिमभाईंकडून घेतला. नवऱ्यावर चिडू नकोस, मी फार मागे लागले होते. त्यांनी सफाचा फोटोही पाठवला. केवढी झाली ग पोरगी! नाक तुझंच आहे, तसंच वर उचललेलं, सगळ्या जगाशी भांडण असल्यासारखं. तिच्या अंगावरचा फ्रॉक तू शिवलास ना? झालर वाकडी आली आहे, त्यावरूनच ओळखलं.

आता माझी बातमी ऐक आणि खुशाल हस. मी घोड्यावरून उड्या मारायला शिकतेय. हो, मीच. मेहकरच्या स्टँडवर एसटी पूर्ण थांबेपर्यंत जी दांडा सोडत नव्हती आणि जिच्यामुळे तुलाही मागे राहावं लागायचं, तीच मी. इथे अजिंठा रोडला शहर संपतं तिथे रंगरावजींचं शेत आहे. पोलिसांच्या घोडेस्वार पथकातून ते निवृत्त झाले आणि गावातल्या पोरांना घोडा शिकवायला लागले. पोरांच्या रांगेत मी एकटी बाई, तीही हायस्कूलची मास्तरीण. माझ्याच वर्गातली मुलं मला धुळीत पडलेली बघतात आणि सोमवारी तासाला गालातल्या गालात हसतात. आईला मी सांगितलं की पाठ दुखते, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. आईने तोंड वाकडं केलं. घोड्यावर बसून कोणाची पाठ बरी झालेली तिने ऐकली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

पहिल्यांदा मला चांदणी नावाची म्हातारी घोडी मिळाली. ती उडी मारायचीच नाही, घरातल्या आजीने उंबरा ओलांडावा तशी अडथळ्याचा आडवा वासा ओलांडायची. तिच्यावर मी मांड पक्की करायला शिकले. गुडघे आवळायचे, नजर अडथळ्याच्या पलीकडे ठेवायची, घोड्याने अंग उचललं की पुढे झुकून हात सैल सोडायचे. रंगरावजी लांबून ओरडायचे, "मॅडम, खाली काय पाहून राह्यल्या? खाली पाहाल त खालीच जाल!" आणि मी खरोखरच खाली जायचे. मग आषाढात त्यांनी नवा घोडा आणला, जालन्याकडच्या एका व्यापाऱ्याकडून. तांबूस, उंच, हाडापेराने मजबूत, पण आयाळ वेडीवाकडी कापलेली आणि अंगावर धूळच धूळ. त्यांनी त्याचं नाव वीर ठेवलं. नाव ऐकून तो कानसुद्धा हलवायचा नाही. रंगरावजींनी तो मला दिला, कारण पोरांच्या हाती द्यायची त्यांची हिंमत झाली नाही. तो अडथळ्यापाशी थांबायचा. दिवाळीपर्यंत उडी घेतली नाही तर दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेऊन उभा करतो, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. त्यांचंही चूक नव्हतं. ऐन वेळी थांबणारा घोडा एक दिवस कोणाची तरी मान मोडतो.

पण झेबा, हा वेगळाच थांबायचा. भ्यालेला घोडा मान झटकतो, डोळे पांढरे करतो, बाजूला पळतो. चांदणीसुद्धा एकदा प्लास्टिकच्या पिशवीला भिऊन मला घेऊन कपाशीत शिरली होती. हा ऐटीत दौडत यायचा, पावलं मोजून टाकायचा, अगदी उडी घेणार असं वाटायचं आणि वाशापाशी येऊन शांत उभा राहायचा. मग मान डावीकडे वळवून बघायचा. डावीकडे काहीच नसायचं. शेताचा बांध, बाभळी, रस्ता. काही दिवस हे पाहून रंगरावजी म्हणाले, "ह्या घोड्याले उडी येते मॅडम. कोणीतरी शिकवेल हाय त्याले. तो कोणाची तरी वाट पाहून राह्यला." त्या दिवशी मी त्याला स्वतः धुतलं. कानामागची धूळ निघाली तेव्हा डाव्या कानाच्या टोकाला चीर दिसली. शिंगरू असताना काटेरी तारेत अडकून फाटलेला तो कान तुझ्या ओळखीचा आहे. तूच त्यात हळद भरली होतीस आणि तो तुला चावला होता. मी हळूच "शरबत" म्हटलं. त्याने आपल्या डोक्याचा सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला आणि तसाच उभा राहिला. मी गोठ्यात ढसाढसा रडले. रंगरावजींना वाटलं, त्याने माझ्या पायावर पाय दिला.

अल्तमशचा शरबत माझ्याकडे आहे, झेबा. तुझ्या भाईजानचा. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण मला वाटलं, ते वाचून तू कागद बाजूला ठेवशील. ठेवू नकोस.

सुलतानपूरला तुमच्या घरामागची ती नाल्याकाठची पट्टी तुला आठवत असेलच. तुझ्या अब्बांच्या, वहाबचाचांच्या, घोड्या लोणारपासून मेहकरपर्यंतचे नवरदेव मिरवायच्या, आणि अल्तमशने मोबाईलवर कुठले तरी परदेशातले घोडे उड्या मारताना पाहिले आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. चाचा किती चिडले होते! "वरातीच्या घोडीवाल्याचं पोरगं अन् उड्या मारून राह्यलं! उद्या नवरदेवाले घेऊन मांडवावरून उडवशीन का बे?" पण त्याने ऐकलं नाही. शिकवायला कोणी नव्हतं, तेव्हा त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. घोडीवाला वरातीत घोडीच्या डाव्या अंगाने चालतो, हात लगामापाशी. याने शरबतला तसंच डाव्या अंगाने धरून पळवलं आणि वासा आला की घोड्याबरोबर स्वतःही उडी मारली. कोणत्याही घोड्याच्या शाळेत असं शिकवत नाहीत, हे मला आता कळतं. आपण दोघी हौदावर बसून बोरं खात होतो आणि हसून हसून तुझ्या घशात बी अडकली होती. तो धापा टाकत आला, अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत माती. "काऊन हसून राह्यल्या व? तुम्हाले येते का?" पुढे तो पाठीवर बसूनही उड्या मारायला लागला का, विचारलंस तर नाही. शरबत त्याला घेऊन उडायचाच नाही. तो शेजारी पळाला तरच उडायचा. म्हणून त्याला पाठीवर बसायला दुसरं कोणीतरी हवं होतं. तू नाही म्हणालीस, मग त्याने मला विचारलं. "योगे, तू बस. मी डावीकून पळतो, तुले काही होत नाही." मी म्हटलं, पुढच्या सुट्टीत.

पुढच्या सुट्टीआधी तो पौष आला. सगळा जन्म घोड्यांच्या पायात काढलेला माणूस दुसरबीडच्या पुढे मोटारसायकलच्या अपघातात गेला. मला हे स्टाफरूममध्ये कळलं, त्याच्या कुठल्याशा मित्राने स्टेटसला फोटो टाकला होता. मी तुला फोन लावला तर आसिमभाईंनी उचलला आणि एवढंच म्हणाले, झेबाचे दिवस भरत आलेत, बीपी वाढलंय, नंतर करा. मी समजले. तुझ्या घरात सगळ्यांनी मिळून तुला सांगितलं की अल्तमश काठेवाडला घोडा बघायला गेलाय, तिकडे रेंज नाही. आणि तू, वेडे, त्याच्या बंद मोबाईलवर मेसेज टाकत राहिलीस, येताना माझ्यासाठी बांधणीची ओढणी आण म्हणून. सफा झाली, तिचा चाळीस दिवसांचा चिल्ला झाला, तेव्हा कुठे तुझ्यापुढे खरं ठेवलं. तोवर त्याच्या कबरीवर गवत आलं होतं. नंतर आपण एकदाच बोललो, तेव्हा तू मला हे ओढणीचं सांगितलंस आणि म्हणालीस, माझा भाऊ माझ्यासाठी दोन महिने जिवंत ठेवला लोकांनी, आता मी त्याला मेलेला कसा मानू? तेव्हापासून तू माहेरी पाऊल टाकलेलं नाहीस. मी तुला दोष देत नाही. मी असते तरी हेच केलं असतं.

आता जे लिहितेय त्यावर हसू नकोस. श्राद्धपक्ष संपला त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. शाळा अर्धी होती, मी दुपारीच शेतावर गेले. लख्ख ऊन. सोयाबीन काढून झालेलं, त्यामुळे चारी बाजूंना नजर जाईल तिथवर मोकळं रान आणि माणूस म्हणून एक रंगरावजी, तेही लांब कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले. त्याआधी त्यांनी एकदा स्वतः शरबतच्या डावीकडून पळून बघितलं होतं. साठीच्या माणसाने पोट सावरत जीव तोडून धाव घेतली, तर शरबतने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. मी त्याला सांगून टाकलं होतं की बाबा, आजची शेवटची. दौडीत घेतलं, नजर पलीकडे ठेवली. वासा जवळ आला तसे त्याचे दोन्ही कान डावीकडे वळले. आणि मला पावलं ऐकू आली. अनवाणी पावलं, वाळल्या मातीवर पडणारी, टापांच्या मधे मधे. धाप ऐकू आली. माझ्या गुडघ्याशी, अगदी हाताच्या अंतरावर. मी डावीकडे पाहिलं नाही. शपथेवर सांगते, पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तिथे कोणी नसतं. शरबत उडाला. मी त्याच्या मानेवर झुकले, हात सैल सोडले, सगळं कसं शिकवल्यासारखं झालं, आणि पलीकडे टेकल्यावर तो थांबला आणि मान वळवून डावीकडे बघत राहिला.

रंगरावजी टाळ्या वाजवत धावत आले. मग त्यांचा चेहरा बदलला आणि ते वाकून टापा बघायला लागले. वासा चांगला लांब होता, मध्यावरून घोडा नेला तर दोन्हीकडे भरपूर जागा. शरबत उजव्या खांबाला घासून गेला होता. "अख्खा वासा मोकळा होता मॅडम. हा कोणाले जागा देऊन राह्यला?" मी उतरून बघितलं. मातीत टापांखेरीज काही नव्हतं. मी घाबरले नव्हते. मला आनंद झाला होता, झेबा. एवढा आनंद मला त्या पौषानंतर झाला नव्हता.

त्यानंतर शरबत रोज उडतो. वासा एक वीत वर चढवला तरी उडतो, पिंपं आडवी टाकली तरी उडतो, दर वेळी उजवीकडून आणि दर वेळी एका माणसाची जागा सोडून. सारंगखेड्याचा विषय बंद झाला. रंगरावजी आता त्याला पुण्याच्या स्पर्धेला न्यायचं म्हणतात. पण घोडा खात नाही. कडब्याला तोंड लावतो आणि सोडतो, भिजवलेले हरभरे तसेच राहतात. जनावरांच्या डॉक्टरांनी दात पाहिले, रक्त तपासलं, आजार काही नाही म्हणाले. संध्याकाळी इतर घोडे गव्हाणीकडे जातात, हा फाटकाशी जाऊन उभा राहतो. रस्त्यावरून मोटारसायकल आली की कान टवकारतो. अल्तमश तसाच यायचा ना, फटफटीवर, लांबूनच हॉर्न वाजवत. मोटारसायकल पुढे निघून जाते आणि हा मान खाली घालतो. पुन्हा दुसरी येते. हे असं अंधार पडेपर्यंत चालतं. त्याच्याशेजारी मी उभी असते आणि दर वेळी मीही बघते.

मागच्या आठवड्यात मी सुलतानपूरला गेले. तुझ्या अम्मी, शबानाचाची, वाळल्या आहेत. तुझं नाव त्यांनी काढलं नाही, पण फडताळात सफासाठी आणलेली लाल खुळखुळ्याची गाडी कागदातून न काढता ठेवली आहे, ती मला दाखवली. चाचांना मी शरबतचं सगळं सांगितलं, पावलांचं सोडून. ते म्हणाले, "आमच्या घरची रीत हाय बेटा. घोड्याचा मालक गेला त घरच्यानं जाऊन घोड्याच्या कानात सांगावं लागते, नाव घेऊन. मंग तो दुसऱ्याच्या दावणीले जाते. माह्या अब्बाच्या वक्ताले मीच सांगतलं होतं, तीन घोड्याईले. अन् ह्याच्या वक्ताले..." त्या वेळी चाचांना शरबतकडे बघवत नव्हतं. मातीला आलेल्या माणसांतच एक व्यापारी होता, तुझ्या मामूंनी त्याच्या हाती दोर दिला आणि घोडा गेला. तीन पिढ्या घोड्यांत घालवलेल्या घरात ही एक गोष्ट कोणालाच आठवली नाही. मी चाचांना जीप करून इथे घेऊन आले. शरबतने त्यांच्या छातीत तोंड खुपसलं. त्यांनी तो फाटका कान हातात धरला, तोंड जवळ नेलं, ओठ हलले. आवाज फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नाही. शेवटी ते घोड्याच्या गळ्यात पडून रडले आणि मला म्हणाले, "माह्या तोंडातून निघत नाही व. आम्ही ह्याले बी सांगतलं नाही, अन् पोरीले बी सांगतलं नाही. दोघाईले वाट पाहत ठेवलं. झेबाले म्हणा, माफ नको करू, पण एक डाव ये. भाऊ तिचा होता, तिलेच हक हाय."

चाचांचा निरोप त्याच संध्याकाळी तुला कळवायला हवा होता. आठ दिवस मी तो स्वतःपाशी ठेवला, आणि का ठेवला ते सांगण्यासाठीच खरं तर हे पत्र आहे. शरबतला एकदा कळलं की तो वाशाच्या मध्यावरून उडी घेईल, आणि मग डावीकडे कोणी पळणार नाही. मी अल्तमशवर प्रेम करत होते, झेबा. तुला कधी सांगितलं नाही, त्यालाही नाही. आपल्याकडे त्या बोलण्याचं काय झालं असतं ते तुला माहीत आहे, आणि मी एसटीचा दांडा न सोडणारी. तो जिवंत असताना माझ्या इतक्या जवळ कधी आला नव्हता, जितका आता रोज संध्याकाळी वाशापाशी येतो. माझं चाललं असतं तर मी आयुष्यभर डावीकडे न बघता उड्या मारल्या असत्या. पण काल खरारा करताना शरबतच्या बरगड्या हाताला लागल्या, एक एक मोजता येईल अशा, आणि मला माझीच लाज वाटली. तो वाट बघून मरेल आणि मी त्याला बघू देतेय, फक्त मला ती पावलं हवीत म्हणून. तेव्हा ये. सफाला घेऊन ये, माहेरी जायचं नसेल तर जाऊ नकोस, सरळ माझ्याकडे उतर. पण लवकर ये, मी पुन्हा मन बदलायच्या आत. तुमच्यात हे कानात सांगतात, हळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं. तू जरा मोठ्याने सांग. अल्तमश गेला, असं त्याचं नाव घेऊन सांग. मी तिथेच लगाम धरून उभी असेन, आणि मलाही अजून कोणी सांगितलेलं नाही.

वाट बघणारी, तुझीच,
योगे